पाखरं उठली, मग शांतता

सायखेड्याच्या धरणावर मी हिवाळ्यात अधूनमधून जातो. खुनी नदीवरचं हे मातीचं धरण. केळापूर तालुक्यात नुसतं बसून राहायला याहून बरी जागा मला सापडलेली नाही. सोबत वाघ्या असतो. गावठी, पिवळसर, डाव्या कानाला चीर गेलेला. टिपेश्वर अभयारण्यातले खरे वाघ इतक्या जवळ असताना कुत्र्याला वाघ्या म्हणणं तसं धारिष्ट्याचंच. पण आपल्याकडे कुत्रा एक तर मोत्या, नाही तर वाघ्या.

गेल्या माघातली गोष्ट. पाणी बरंच मागे सरलं होतं, उघड्या पडलेल्या गाळात कुणी गाळपेर केली होती. काठाशी चार-पाच तुतवार शेपट्या हलवत फिरत होते, त्यांच्यापलीकडे लांब लाल पायांचे शेकाटे, आणि चिखलाच्या जिभेवर चक्रवाकांची जोडी. वाघ्याच्या गळ्यात पट्टा होता, दोरी माझ्या खिशात. तो भुंकला नाही, धावला नाही. नाक जमिनीला लावून आपल्या नादात काठाकाठानं चालत गेला, इतकंच. आधी तुतवार उडाले. मग शेकाटे, पाय मागे लोंबकळत. शेवटी चक्रवाकही ओरडत उठले आणि पार पलीकडच्या काठाला गेले. मी भिंतीच्या दगडांवर बसून थर्मासमधला चहा ओतत होतो आणि मनात, अगदी खरं सांगतो, हेच आलं की काय शांत आहे इथं!

खाली जाळं दुरुस्त करत बसलेला एक म्हातारा मान वर न करता म्हणाला, “कुत्र्याले बांधून आणाचं होतं ना जी. थे पाखरं सकाळपासून बसून होते.”

तेव्हापासून ‘शांत’ हा शब्द मला नीट वापरता येत नाही. शहरातून वा कचेरीतून सुटून आपण पाण्याकाठी येतो ती शांतता शोधत. पण भरलेला पाणवठा मुळात शांत नसतोच. टिटवी कोकलते, अडयांची शीळ चालू असते, चिखलात सतत काही तरी टोचलं जात असतं. हे सगळं थांबतं तेव्हा आपल्या कानाला जे बरं वाटतं, ते उठून गेलेल्या पाखरांची रिकामी जागा असते. ती रिकामी करणारे आपणच, आणि सुखावणारेही आपणच.

माझ्या कुत्र्यापुरती ही गोष्ट असती तर लिहिलं नसतं. सिडनीच्या भोवतालच्या जंगलवाटांवर दोन शास्त्रज्ञांनी याचा माग काढला. त्यांचं काम २००७ साली प्रसिद्ध झालं. कुत्रा घेऊन माणूस चालून गेला की त्या वाटेवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्षी ४१ टक्क्यांनी कमी दिसत. हे कुत्रे दोरीनं बांधलेले होते, मोकळे नव्हते. नुसता माणूस गेला तरी पक्षी बिचकत, पण परिणाम निम्म्याहून कमी. म्हणजे म्हाताऱ्याचा सल्ला ऐकून मी दोरी लावली असती, तरी फार फरक पडला नसता. पाखराच्या लेखी वाघ्या म्हणजे कोल्हाच, दोरीला बांधलेला का असेना. चक्रवाक लडाख-तिबेटाकडून हिमालय ओलांडून इथं येतो. परतीच्या वाटेसाठी त्याला हिवाळाभर अंगावर चरबी चढवायची असते. वाघ्याच्या दर फेरफटक्यागणिक तिच्यातलं थोडं खर्ची पडतं.

यावर कुणी म्हणेल, त्यासाठी नियम आहेत की. टिपेश्वरच्या फाटकातून पाळीव कुत्रा आत नेता येत नाही, तिथं प्रश्न मिटला. सायखेड्याला फाटकच नाही. आणि कायद्याची गंमत अशी की, पाणथळ जागांसाठी २०१७ साली जे नियम झाले, त्यांच्या व्याख्येतून सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे चक्रवाक ज्या चिखलावर उतरतो, तो कागदावर पाणथळ नाहीच. उलट नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर गोदावरीवरच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामुळंच तयार झालं, आणि २०२० साली तेच महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. बंधाऱ्याच्या पाण्याला पाणथळ म्हणायचं की नाही, हे पाखरांनी कधी विचारलेलं नाही.

शिवाय पाखरं उठतात एवढ्यावर हे थांबत नाही. १९९४ साली सेरेंगेटीत सुमारे हजार सिंह डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगानं गेले, आणि त्याचा माग भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांपर्यंत पोचला. गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह दगावले, त्यातल्या काहींत हाच विषाणू निघाला. आमच्याकडे गावाच्या कडेनं वाघ, बिबट्या, कोल्हा हिंडतात. वाघ्याला दर वर्षी ‘नाइन इन वन’ ही डिस्टेंपरवरचीही लस टोचून आणतो ते त्याच्यासाठी, असं मी समजत होतो.

मात्र इथंच मला थबकावंसं वाटतं. कुत्र्याला खलनायक करणं फार सोपं आहे, आणि त्यात थोडी लबाडीही आहे. पराटीच्या वावरात रात्रभर रोही आणि रानडुकरांवर भुंकणारं कुत्रं कुणाच्या करमणुकीसाठी तिथं नसतं. धनगराचं कुत्रं कळपामागून पाण्यावर येतं, कारण कळपाला तहान लागते. यांना आणि रविवारी मोटारीतून उतरलेल्या माझ्या वाघ्याला एकाच दोरीनं बांधणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांचं तिथं असणं पोटाशी जोडलेलं आहे. माझी हौस आहे. हौस आवरता येते, म्हणून आधी तीच आवरली पाहिजे, एवढाच माझा युक्तिवाद आहे.

आणि कबूल करतो, वाघ्याशिवाय मला हा काठ अर्धाच दिसला असता. एकदा तो खड्यांच्या रानात अचानक थांबला, एक पाय वर. त्याच्या नाकापुढे वीतभरावर टिटवीची चार अंडी होती, खड्यांच्याच रंगाची. डोक्यावर टिटवी आकांत करत झेपावत होती. पंचतंत्रातल्या टिटवीनं समुद्राशी भांडण मांडलं होतं, हिनं वाघ्याशी. मी एकटा असतो तर त्या अंड्यांवर पाय देऊन पुढे गेलो असतो.

आता त्याला घेऊन भिंतीच्या वरच थांबतो, गाळात उतरत नाही. तो वारा हुंगत बसतो, मी दुर्बीण लावतो. परवा तिथूनच पाहिलं: गाळपेरीच्या वावरातून एक काळं कुत्रं निघालं आणि चिखल तुडवत सरळ पाण्याकडे गेलं. तुतवार उठले, शेकाटे उठले. वाघ्या उभा राहून कुंईकुंई करू लागला. मी दोरी घट्ट धरली. पलीकडचं कुत्रं निवांत पाणी पीत होतं.