पुरेसे किती?

भय ही माणसाला लाभलेली एक देणगी आहे असे म्हटले, तर वाचकांना कदाचित नवल वाटेल. परंतु भय नसते तर आईने विहिरीच्या काठावरून मूल मागे ओढले नसते आणि रात्री दाराला कडी घालण्याचे शहाणपणही माणसाला सुचले नसते. अडचण एवढीच, की भयाला स्वतःचे माप नसते. कडी अपुरी वाटू लागली की कुलूप येते, कुलूप अपुरे वाटू लागले की कुत्रा येतो आणि काही घरांत त्याहीपुढे बंदूक येते. बंदूक आल्यावर तरी ही मालिका थांबते काय? या प्रश्नाचा विचार आम्ही एका लहानशा धातूच्या नळीच्या निमित्ताने करणार आहोत.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात बँकेच्या दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर जी बंदूक आपण पाहतो, ती बहुधा बारा बोअरची एकनाळी किंवा दुनाळी असते. दुनाळीत दोन काडतुसे मावतात. दोन बार झाले की बंदूक मधोमध दुमडायची, रिकामी काडतुसे काढायची, नवी भरायची आणि मग पुन्हा नेम धरायचा. पंप ॲक्शन बंदुकीची रचना निराळी. तिच्या मुख्य नळीखाली दुसरी एक नळी असते, तिला मॅगझिन म्हणतात. तीत काडतुसे एकामागे एक ओळीने बसतात आणि स्प्रिंग त्यांना मागे रेटत राहते. डाव्या हाताखालची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे आत जाते. मूळ नळीत चार-पाच काडतुसे मावतात. ज्याला तेवढी पुरेशी वाटत नाहीत, त्याच्यासाठी परदेशांतील बाजारात जोडनळी मिळते. मॅगझिनच्या टोकाचे टोपण काढून तिथे ही नळी आणि लांब स्प्रिंग बसवली, की आणखी काही काडतुसांची सोय होते. काम थोडक्या वेळाचे आहे. त्यामागील प्रश्न मात्र शतकानुशतके माणसाच्या पाठीशी लागलेला आहे: संरक्षणासाठी पुरेसे किती?

आपल्या देशात हे काम घरच्या घरी करण्यासारखे नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार शस्त्र बनवणे, त्याचे रूपांतर करणे किंवा ते दुरुस्त करणे यासाठी वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. सहावे कलम बंदुकीची नळी आखूड करण्यावर असेच बंधन घालते. एका माणसाने पूर्वी तीनपर्यंत बंदुका बाळगाव्यात अशी मुभा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. काडतुसे किती घ्यायची, याचाही आकडा परवान्यावर लिहिलेला असतो. म्हणजे ‘पुरेसे किती’ हे ठरवण्याचे काम कायद्याने बंदूकधाऱ्याच्या मर्जीवर सोपवलेले नाही.

परंतु कायद्याने मनाई केली म्हणून नैतिक प्रश्न सुटत नाही. जोडनळी हवी असणाऱ्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण मराठवाड्यातील भय काल्पनिक नाही. शेतवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला रात्र कशी वाटते, हे शहरात राहणाऱ्याला सहज उमगत नाही. जानेवारी २००१ मध्ये शेजारच्या जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातील कोठेवाडीत दरोडेखोरांनी वस्तीवर जो अत्याचार केला, त्याच्या आठवणीने आजही वस्त्यांवरील माणसे दचकतात. कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या जंगलालगत बिबट्या आहे, आणि रानडुकरांनी एका रात्रीत उद्ध्वस्त केलेला मका तर अनेकांनी पाहिला आहे. असा माणूस म्हणेल, ‘अंधारात, घाबरलेल्या हाताने माझे दोन बार चुकले तर? समोर चौघे असले तर? जास्तीची काडतुसे नळीत असली म्हणून ती मी उडवलीच पाहिजेत असे थोडेच आहे?’ हा युक्तिवाद टाकाऊ नाही. बी-बियाणे थोडे जास्त आणून ठेवणारा शेतकरी दूरदर्शी ठरतो. मग काडतुसे जास्त ठेवणारा का ठरू नये?

याचे उत्तर शोधताना तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांची आठवण होते. आत्मसंरक्षण करणाऱ्याच्या हातून हल्लेखोर मेला तर तो दोषी ठरतो काय, या प्रश्नाचा त्यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजी’ या ग्रंथात विचार केला आहे. त्यांच्या मते आपला जीव वाचवण्याचा हेतू योग्यच आहे, आणि दुसऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून माणसाने माफक संरक्षणही सोडून द्यावे असे धर्म सांगत नाही. पण गरजेपेक्षा अधिक बळ वापरले, तर चांगला हेतूही त्या कृतीला वाचवू शकत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ९९ व्या कलमात हाच निकष होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३७ व्या कलमात तो कायम आहे: संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा, त्याहून अधिक नाही. एक संत आणि एक दंडसंहिता, दोघांच्या मध्ये सहा शतके आणि निराळ्या श्रद्धा. तरी दोघांनीही बोट ठेवले ते मापावर.

आता अडचण अशी, की हे माप प्रत्यक्ष प्रसंगी घ्यावे लागते आणि नेमक्या त्याच वेळी माणूस ते घेण्याच्या स्थितीत नसतो. भीतीने ऊर धपापत असताना कोण हिशेब करणार? म्हणून अनेक राष्ट्रांनी हा हिशेब शांतपणे, आधीच करून ठेवला. इंग्लंडमध्ये १९८७ साली हंगरफर्ड येथे एका बंदूकधाऱ्याने १६ जणांचा बळी घेतला. पुढच्या वर्षीच्या कायद्याने साध्या परवान्यावरील पंप ॲक्शन बंदुकीच्या मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे मावतील अशी मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली; त्यानंतर पाचांहून अधिक काडतुसांच्या पंप ॲक्शन बंदुका जवळजवळ सर्वांनाच वर्ज्य झाल्या. न्यूझीलंडने क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचे प्राण गेल्यावर २०१९ साली हाच पाचाचा आकडा धरला. आणि अमेरिका? ज्या देशात ही जोडनळी सर्वाधिक खपते, तिथेही १९३५ पासून बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांची शिकार करताना बंदुकीत तीनच काडतुसे मावली पाहिजेत असा नियम आहे, आणि त्यासाठी शिकारी मॅगझिनमध्ये लाकडी खुंटी घालतात. पक्ष्यांचा थवा निम्मा तरी उडून जावा, एवढी उसंत त्यांना मिळावी, हा त्यामागचा उद्देश.

उसंत हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. काडतुसे संपणे आणि नवी भरणे यांच्यामधला जो काळ, तोच आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. ८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेतील टूसॉन शहरात एका माथेफिरूने गर्दीवर पिस्तूल चालवले. त्याच्या मॅगझिनमध्ये नेहमीपेक्षा कितीतरी अधिक, ३३ गोळ्या मावत होत्या. ६ जण ठार झाले, १३ जण गोळ्यांनी जखमी झाले. गोळ्या संपून तो दुसरे मॅगझिन चढवू लागला, तेवढ्यात जवळच्या नि:शस्त्र माणसांनी त्याला खाली पाडले आणि एका वयस्क स्त्रीने त्याच्या हातचे मॅगझिन हिसकावून घेतले. काही क्षणांचा तो अवकाश. पण किती जणांचे प्राण त्यात वाचले असतील!

यावर कोणी म्हणेल, की ही उसंत हल्लेखोराच्या बाबतीत उपकारक असली तरी वस्तीवरील बापाच्या बाबतीत घातक ठरेल. हे काही अंशी खरे आहे, आणि म्हणूनच बँकेच्या पहारेकऱ्याकडून बंदूक काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या बापाचाच विचार करू. अंधारात कुंपणापाशी हललेली सावली दरोडेखोराची आहे, की उशिरा परतणाऱ्या सालगड्याची, की शेजारच्या चुकलेल्या पोराची? पहिला बार भीतीने होतो, दुसरा बहुधा पहिल्याच्या दणक्यात. त्यानंतर बंदूक रिकामी झाली, तर हाताला थांबावे लागते, कानाला ऐकू येऊ लागते, आणि ‘मालक, मी आहे’ ही हाक पोचण्याची निदान शक्यता तरी उरते. नळी भरलेली असेल तर हात थांबत नाही. छर्रा एकदा सुटला की तो मागे बोलावता येत नाही. विवेकाला शिरण्यासाठी जी फट असते ती दोन बारांच्या मध्येच असते. जोडनळी बसवणारा काडतुसे वाढवतो, आणि त्याच हाताने ही फट बुजवतो.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रदेशाला लागू आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. ती मारहाणीने झाली, बंदुकीने नव्हे. परंतु त्यानंतर त्या जिल्ह्यात शस्त्रे मिरवणाऱ्यांच्या आणि हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या चित्रफिती लोकांसमोर आल्या, परवान्यांची छाननी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. संरक्षणासाठी मागितलेले शस्त्र मिरवण्याचे शस्त्र कसे होते, याचा हा धडा आहे. भयाने घेतलेल्या वस्तूला हळूहळू प्रतिष्ठा चिकटते; मग ती शेजाऱ्याच्या वस्तूपेक्षा मोठी, लांब, अधिक भरलेली हवी असे वाटू लागते. शेजाऱ्याच्याही मनात तेच येते. दोघांचे भय कमी झालेले नसते.

शुभवर्तमानात शेवटच्या भोजनानंतर शिष्य प्रभूला आपल्याजवळच्या दोन तलवारी दाखवतात, आणि प्रभू तो विषय तिथेच थांबवतो. त्याच रात्री त्यांतल्या एकीने एका सेवकाचा कान कापला जातो. प्रभू तलवार म्यानात घालायला सांगतो आणि कान बरा करतो. या प्रसंगाचे अर्थ विद्वानांनी नाना परींनी लावले आहेत. आम्हांला त्यातून एवढेच दिसते, की घाबरलेल्या मित्रांच्या हातातले शस्त्रही भलत्याच माणसाला लागते.

मग वस्तीवरील कुटुंबाने काय करावे? भय गिळून बसावे, असा उपदेश करण्याचा अधिकार शहरात सुखाने झोपणाऱ्या आम्हांला नाही. परंतु महाराष्ट्रातील अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू झाली आहे. संकटात सापडलेल्याने एका क्रमांकावर फोन करून सांगितले, की त्याच्याच आवाजातला तो निरोप एकाच वेळी गावातल्या शेकडो घरांत ऐकू जातो. बिबट्या दिसला, चोर आले, आग लागली, अशा वेळी लोक धावून येतात. इथेही संख्या वाढते, पण ती माणसांची. हल्लेखोराला पळवून लावण्यास ती समर्थ असते, आणि शंभर माणसांच्या डोळ्यांना सालगडी आणि दरोडेखोर यांतला फरकही ओळखता येतो. आपल्या धर्मग्रामातील किती वस्त्यांवर हा क्रमांक ठाऊक आहे, रात्रीच्या हाकेला कोण जाणार हे कुठे ठरलेले आहे, याची चौकशी येत्या रविवारी मिस्सानंतर करता येईल. एकट्या घराला कितीही काडतुसे पुरेशी वाटणार नाहीत. ज्या घराची हाक ऐकली जाते, त्याला कदाचित दारावरची कडीही पुरेल.