अंबाझरीच्या बांधाखालून

गणराया, टेकडीवरच्या माझ्या देवा, सुट्टीत आमच्या घरी येणारं प्रत्येक माणूस आधी तुझ्याच दारात उतरतं. विदर्भ एक्स्प्रेस नागपूर स्टेशनात लागते, मुलगा, सून, लेक, जावई, पोरं, बॅगा, आंब्याची पेटी असं सगळं बाहेर येतं, आणि जवळच तुझी टेकडी असते. आधी तुझं दर्शन, मग घर, हा आमचा रिवाज. पिंपळाखालच्या तुझ्या शेंदरी मूर्तीपुढे ती डोकं टेकतात तेव्हा रात्रभराच्या प्रवासाने त्यांचे चेहरे ओढलेले असतात, आणि ते चेहरे पाहून माझ्या जिवाला काय वाटतं ते तुला सांगायला नको. म्हणून या दिवसांबद्दल जे बोलायचं ते तुझ्याशीच बोलते. जुने नागपूरकर सांगतात की भोसले राजे तुझ्या दर्शनाला नावेतून यायचे, कारण शुक्रवारी तलावाचं पाणी तेव्हा तुझ्या पायथ्याशी असायचं. आज तिथे रूळ आहेत, रस्ते आहेत. पण तू पाण्याकाठचा देव. पाण्याकाठच्या घराचं मागणं तुला कळेल.

हे घर दिलंस त्यासाठी आधी हात जोडते. यांची नोकरी बदलीची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, पुन्हा भंडारा. प्रत्येक ठिकाणी सरकारी क्वार्टर, दुसऱ्याने लावलेली झाडं आणि दुसऱ्याने ठोकलेले खिळे. मुलांना शाळेत कुणी गाव विचारलं की ती आमच्याकडे बघायची. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून अंबाझरीच्या बांधाखालचं हे जुनं घर घेतलं. आमच्या गच्चीवरून बांधाची कड दिसते, पाणी दिसत नाही. पाण्यासाठी बांधावर चढावं लागतं. पण नातवंडांना कुणी विचारलं, सुट्टीत कुठे जाणार, तर ती सांगतात, नागपूरला, तलावाजवळ. त्यांच्या आईबापांना जे उत्तर देता आलं नाही ते या पोरांच्या तोंडात तू घातलंस.

मे महिन्यात साडेपाचला उजाडतं. त्या आधी पोरं उठतात, शाळेच्या दिवसांत कधी उठत नाहीत अशी, आणि आजोबांचं बोट धरून बांधावर जातात. गुडघ्यांमुळे मी मागून सावकाश. पाणकावळा दगडावर पंख पसरून बसलेला असतो, टिटवी कुणाच्या तरी नावाने ओरडत उडते, काठच्या उथळ पाण्यात वंचक न हलता उभा असतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, भेगाळलेली पांढुरकी जमीन उघडी पडते. मध्यंतरी जलपर्णीने तलावाचा मोठा भाग झाकून टाकला होता. तेव्हा धाकटा नातू विचारायचा, आजी, पाणी कुठे गेलं? पाणी खालीच होतं रे बाळा, असं मी सांगायचे, आणि मनात तुझा धावा करायचे.

नातीचा प्रश्न वेगळा. तलावातलं पाणी जातं कुठे? यांनी तिला बांधावरच बसवून सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वी, १८७० च्या सुमारास, शहराला पाणी मिळावं म्हणून हा तलाव बांधला. आता आपल्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. पण हा भरला की ओव्हरफ्लोवरून जे पाणी पडतं ती नाग नदी, जिच्या नावाचं हे शहर. नाग शहरातून वाहत जाते, पिवळी नदीचं पाणी तिच्यात येतं, मग कन्हान, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत. सूनबाई शेजारी उभी होती. तिचं माहेर नाशिकचं, गोदाकाठचं. पोरीने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, म्हणजे नाशिकच्या आजीकडचं पाणी आणि इथलं पाणी पुढे एकच होतं? हो, एकच होतं. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न होऊन आली तेव्हापासून हे शहर तिला रखरखीत वाटायचं, हे मला ठाऊक होतं. गणराया, त्या सकाळी तिला इथे नातं सापडलं, त्यासाठी तुझी मी ऋणी आहे.

दुपारी मात्र तुझी परीक्षा. या शहराचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता, आणि पंचेचाळीस तर आमच्याकडे बहुतेक वर्षी असतात. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरमध्ये पाणी, ताट्यांना वाळ्याचा वास. एकाच खोलीत सगळे. मोठी माणसं भिंतीला पाय लावून आडवी, पोरं पत्त्यांत, कुणी पन्ह्याचा ग्लास मागतंय, कुणाला माठातलंच पाणी हवंय. या खोलीसाठी मी वर्षभर जगते, देवा. मुंबई-पुण्याच्या घरांत प्रत्येकाची वेगळी खोली आहे, वेगळी वेळ आहे. इथे ऊन त्यांना एका कूलरपुढे आणून बसवतं. बहीणभाऊ लहानपणीसारखे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपतात. जावई माझ्या पोराशी बोलतो, जे एरवी फोनवर दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. तुझ्या या कडक उन्हाबद्दल मी कधी तक्रार करणार नाही. एवढंच कर की ऊन कुणाला लागू देऊ नकोस. पोरांनी दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पाऊल टाकू नये, एवढं त्यांच्या ध्यानात राहू दे.

आणि जे त्या वेळी बाहेरच असतात त्यांना सांभाळ. आमच्या रस्त्यावर दुपारी टरबुजांची गाडी लावणारा, कूलरची मोटर दुरुस्त करायला येणारा, नव्या इमारतीच्या स्लॅबवर चढणाऱ्या बाया. त्यांच्याही घरी या दिवसांत पोरं सुट्टीला असतात. माझ्या फाटकाशी ठेवलेला माठ रिकामा राहिला तर मला आठवण दे.

आखाजीला आम्ही घागर भरतो. सासूबाई, मामंजी, माझे आईवडील, सगळ्यांच्या नावाने. पन्हं, शेवया, कुरडया, आंब्याचा रस. त्या दिवसापुरती मुलं आली तर येतात, नाही तर नंतर. पण पितर चुकत नाहीत, हे माझ्या सासूबाई सांगायच्या. उन्हाळ्यात गेलेली माणसंही पाण्यासाठी घरी येतात, म्हणून घागर गार असावी. माझ्यामागेही ही घागर भरली जावी असं मला वाटतं. भरायला कोण असेल ते तू ठरव. भरली जावी एवढं माझं मागणं.

आणखी एका दिवसाबद्दल तुझे आभार मानायचे राहिलेत. नवतपा सुरू होतो त्या सुमारास, २६ मेला, नागपुरात सूर्य दुपारी बारा-सव्वाबाराच्या दरम्यान नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पायाखाली नाहीशी होते. गांधीसागरासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात त्या दिवशी लोक बघायला जमतात. आमच्याकडे पोरं अंगणात स्टीलचा पेला उपडा घालून बसतात. सावली सरकत सरकत पेल्याच्या बुडाशी जाते आणि क्षणभर दिसेनाशी होते. नात म्हणाली, आजी, तुझीपण गेली. गेली खरंच. आम्ही सगळे त्या उन्हात उभे होतो, सत्तरीतले आजोबा, चाळिशीतला मुलगा, सात वर्षांचं पोर, आणि कुणाचीच सावली कुणावर पडत नव्हती. मला वाटलं, आईबापांनी असं उभं राहता आलं पाहिजे. मुलांच्या जवळ, पण त्यांच्यावर पडणार नाही असं. तेवढी बुद्धी मला दे. सुनेच्या स्वयंपाकात बोट घालण्याआधी, पोराच्या नोकरीबद्दल विचारण्याआधी, लेकीला कधी परत येता असं म्हणण्याआधी मला तो पेला आठवू दे.

आता जे बोलायला जड जातं ते बोलते. २०२३ च्या सप्टेंबरची २३ तारीख तुला आठवते. मध्यरात्रीनंतर आभाळ फाटलं. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडली, नाग नदी आपले काठ सोडून वस्त्यांत शिरली. तुझा उत्सव चालू होता, घरोघरी तू बसलेला होतास. आमच्याही देवघरात होतास. पाणी अंधारात दाराखालून आलं आणि बघता बघता पलंगापर्यंत चढलं. यांनी तुला उचललं, मी समई उचलली, आणि आम्ही जिन्यावर बसून राहिलो. सकाळी रस्त्यांवरून बोटी फिरत होत्या, लष्कराचे जवान माणसं बाहेर काढत होते. शहरात माणसांचे जीव गेले, दुकानं वाहून गेली. त्यांच्यापुढे आमचं काय गेलं? ट्रंकेतल्या गोधड्या गेल्या. मुलांच्या लहानपणीच्या कपड्यांच्या, माझ्या आईने शिवलेल्या. उन्हाळ्यात गच्चीवर त्याच अंथरायचो, पोरं त्यावर पडून सप्तर्षी बघायची. चिखलाने भरलेल्या त्या गोधड्या मी स्वतः बाहेर टाकल्या. नंतरच्या उन्हाळ्यात लेकीने नव्या शिवायला घेतल्या, दुपारी कूलरपुढे बसून, नातीला टाका शिकवत. त्यात माझ्या आईच्या साडीचा एक तुकडा आहे, उंच कपाटात होता म्हणून वाचला.

मुलं तेव्हा म्हणाली, घर विका, आमच्याकडे या. त्यांची काळजी खरी होती. आम्ही गेलो नाही. हा तलाव शत्रू नाही, देवा. माणसांनी बांधलेलं पाणी आहे, ते माणसांनीच राखायचं असतं. बांधाचा दगड, सांडव्याची वाट, नदीचे काठ, यांकडे वर्षानुवर्षं बघावं लागतं. पूर्व विदर्भातल्या कोहळ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले ते गावाने मिळून राखले म्हणून टिकले. यांनी भंडाऱ्याच्या नोकरीत असे कितीतरी मामा तलाव पाहिले, मालगुजारीच्या काळचे, काही गाळाने भरलेले, काही अजून भाताला पाणी देणारे. जिथे गावाने सांडवा मोकळा ठेवला तिथे तलाव नांदला, असं ते सांगतात. तू बुद्धीची देवता आहेस. ज्यांच्या हातात आमचा बांध आहे, सांडवा आहे, नाग नदीची वाट आहे, त्यांना बुद्धी दे. आणि प्लास्टिक पाण्यात फेकणाऱ्या हातांनाही दे, ते हात आमच्यातलेच आहेत.

तू स्वतः तर केव्हाच वाट दाखवलीस. पूर्वी तुझं विसर्जन फुटाळ्यात, अंबाझरीत, सोनेगावच्या तलावात व्हायचं. आता तलावात नको म्हणून काठावर टाकी ठेवतात, आणि तू त्या टाकीत बसतोस. आमच्याकडे तर अंगणातल्या बादलीत. मातीची मूर्ती विरघळली की ते पाणी पोरं तुळशीला आणि लिंबाला घालतात. पाणी वाचावं म्हणून तू बादलीएवढा झालास. तुझ्यापुढे यापेक्षा मोठं उदाहरण मी कुठलं ठेवू?

गणराया, पंधरा जूनच्या आसपास मुंबई-पुण्याच्या शाळा उघडतात. आमच्या विदर्भातल्या उशिरा, पण आमची पोरं तिकडची. ती जातील. रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर चढताना कुणी पडू नये. डब्यातल्या वड्या-पोळ्या पुरू दे. ज्या घरांत या उन्हाळ्यात कुणी आलं नाही, ज्यांची पोरं सातासमुद्रापार आहेत आणि पडद्यावरच भेटतात, त्यांच्याही दारात पुढल्या वर्षी एक बॅग टेकू दे. आमच्या दोघांचे पाय बांधावर चढण्याइतके शाबूत ठेव. मृगाचा पाऊस वेळेवर पाठव, पण बेताने पाठव, आणि तो येण्याआधी सांडव्याची, नदीची कामं पुरी होऊ दे.