'किती' आणि 'कधी'

गेली दोन वर्षं महाराष्ट्रात अपंगत्वाविषयीची सगळी चर्चा 'बोगस' या एका शब्दाभोवती फिरते आहे. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ उठला. तेव्हापासून अग्रलेखांत, वाहिन्यांवर, पारावर एकच मागणी ऐकू येते: तपासण्या कडक करा. फेरपडताळणीचे आदेशही निघाले. खोटा कागद दाखवून दुसऱ्याच्या हक्काची जागा बळकावणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण या कोलाहलात एक समजूत कुणी न तपासताच पक्की होऊन बसली. अपंगत्व ही मोजून घेण्याची वस्तू आहे, आणि माप जितकं कडक तितका न्याय चोख, अशी ती समजूत. ज्यांचा आजार अंगावर दिसत नाही आणि रोज नसतोही, त्यांच्या बाबतीत ती साफ खोटी आहे, आणि त्यांच्या पदरी पडणाऱ्या नकारांचं मूळ तिच्यातच आहे.

पेण आणि रोह्याच्या मधलं आमचं कासू. इथून पेणला गणपतीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांपैकी एक माझा धाकटा चुलतभाऊ. तो आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो. साचा, घासकाम, रंग सगळं उरकलं तरी आखणी होईपर्यंत मूर्तीला नजर येत नाही. बारीक कुंचला, रोखून धरलेला श्वास, आणि एका दमात ओढलेली भुवई. त्याची रेघ कारखान्यात कुणीही ओळखतं. गेली चार वर्षं त्याला द्विध्रुवीय मनोविकार आहे. औषधं चालू आहेत. तरीही कधी तीन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, बोलणं सुसाट सुटतं, हातातले पैसे उधळले जातात. मग पाच-सहा आठवडे तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, जेवायलाही उठवावं लागतं. आणि एके सकाळी आपणहून उठतो, अंघोळ करतो, डबा मागतो आणि गाडी पकडायला स्टेशनाकडे निघतो.

प्रमाणपत्रासाठी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. त्याचा तो दिवस बरा होता. बरा नसता तर तो घराबाहेर पडलाच नसता. डॉक्टरांनी आस्थेनं विचारलं, "आज कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय, साहेब."

आपली अंघोळ आपण करता? करतो. घरच्यांशी पटतं? तसं पटतं. कामावर जाता? जातो, आता हंगाम आहे. सगळी उत्तरं खरी होती. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "दादा, माझं काही चुकलं का रे?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. डॉक्टरांचंही नाही, त्यांच्या हातात जी पट्टी दिली होती ती त्यांनी लावली. मानसिक आजारासाठी आपल्याकडे 'आयडियाज' ही मापनपट्टी वापरतात. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं ती बनवली आणि २००२ साली तिला सरकारी मान्यता मिळाली. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि समज, आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण द्यायचे, आणि आजार किती वर्षांचा आहे त्याचे आणखी १ ते ४ मिळवायचे. बेरीज ७ झाली की माणूस लाभांसाठी लागणाऱ्या ४० टक्क्यांच्या रेषेवर पोचतो. माझ्या भावाची बेरीज झाली ५: तीन बाबींचा एकेक आणि चार वर्षांच्या आजाराचे दोन. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतलं दिव्यांगांचं दरमहा अनुदान आता २,५०० रुपये आहे. ते त्याला नाकारलं गेलं.

ही पट्टी बनवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. वेडा की शहाणा एवढाच प्रश्न विचारणाऱ्या व्यवस्थेला त्यांनी माणसाचं रोजचं जगणं पाहायला लावलं. पण ही पट्टी दोनच प्रश्न विचारते: आजार किती, आणि किती वर्षं. 'कधी' हा प्रश्न तिच्यात नाही.

टक्क्यांची ही सवय आपल्याला जुनी आहे. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली याचा तक्ताच होता. अंगठ्याचे आज ३० टक्के धरतात. यंत्रात सापडलेल्या हातासाठी तो तक्ता ठीक होता, कारण तुटलेला अंगठा सोमवारी तुटलेला आणि मंगळवारी जागेवर असा नसतो. १९९५च्या कायद्यानं अपंगत्वाचे सात प्रकार मानले, २०१६च्या कायद्यानं एकवीस. त्यांत सिकलसेल आला, हिमोफिलिया आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आला. म्हणजे येणारे-जाणारे आजार कायद्यानं घरात घेतले, पण त्यांना मोजायला माप ठेवलं ते अंगठ्याचंच.

आता ज्या मताशी माझं खरं भांडण आहे त्याकडे वळतो. ते मत असं: "तपासणीच्या दिवशी जे दिसेल त्यावरच निर्णय हवा. सांगोवांगीवर विसंबलो तर खोट्यांचा पूर येईल." हे मत मांडणारी माणसं दुष्ट नाहीत. त्यांतली कित्येक स्वतः प्रामाणिक नोकरदार आहेत, त्यांचा संताप खरा आहे. म्हणूनच या मताला एका वाक्यात उडवून लावता येत नाही.

पहिली गोष्ट. ज्या बनावट कागदांची चर्चा झाली त्यांच्यावर टक्के नीट छापलेले होते. फसवणूक झाली ती आकड्याच्या आडोशानं. एका दिवसाची तपासणी हीच फसवायला सगळ्यांत सोपी, कारण एक दिवस सोंग आणता येतं, एक शिक्का विकत घेता येतो. दोन वर्षांचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, दाखल झाल्याच्या नोंदी, कारखान्याची हजेरी आणि शेजाऱ्यांचा अनुभव हे सगळं एकमेकांशी जुळवून खोटं रचणं फार अवघड. कडक पुराव्याची खरोखर आच असेल, तर लांबचा काळ तपासण्याचा आग्रह या लोकांनी माझ्याआधी धरायला हवा होता.

दुसरी गोष्ट. एका दिवसाचं निरीक्षण वस्तुनिष्ठ आणि दोन वर्षांचा वृत्तान्त ऐकीव, ही वाटणी कुणी केली? आमच्या पेण तालुक्याच्या खारेपाटात खारबंदिस्तीला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं. पाहणीच्या दिवशी ओहोटी होती म्हणून बांध धड होता, असं कुणी लिहून दिलं तर गावकरी ते ऐकून घेतील का? बांधाची अवस्था त्यानं काढलेल्या उधाणांवरून ठरते. माणसाच्या बाबतीत मात्र आपण ओहोटीची वेळ गाठून पाहणी करतो आणि तिला शास्त्रीय म्हणतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. या मतात चूक एकाच बाजूला मोजली जाते. खोट्याला मिळालं तर ती चूक, तिची बातमी होते. खऱ्याला नाकारलं तर ती चूक कुठल्याच खात्यावर पडत नाही. नाकारलेला माणूस घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडतो, त्याचा आवाज कुणाला येत नाही. एकाच बाजूची चूक मोजणाऱ्या तराजूला कडक म्हणता येणार नाही. तो कललेला आहे.

आणि चौथी. जे आज दिसत नाही ते कायद्याला दिसूच शकत नाही, हे म्हणणं आपला इतिहासच खोटं पाडतो. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्याला अपस्माराचे वारंवार झटके येतात तो विवाहाला अपात्र, असं लिहिलं गेलं. ते कलमातून निघायला १९९९ साल उजाडलं. म्हणजे हक्क काढून घ्यायचा होता तेव्हा कायद्याला 'वारंवार झटके' अगदी नीट समजत होते. तोच अपस्मार २०१६च्या एकवीस प्रकारांच्या यादीत मात्र नाही. कायद्याची दृष्टी अधू नव्हती, ती कुठे वळवायची हे आपण ठरवत आलो. उलट २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आजाराच्या रुग्णाला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा अधिकार दिला: आज मी सावध आहे, उद्या नसेन, तेव्हा माझ्यावर असे उपचार करा. बऱ्या दिवसाचा माणूस आणि वाईट दिवसाचा माणूस एकच, हे त्या कायद्याला कळलं. प्रमाणपत्राच्या टेबलावर ते कळू नये असं कुठे लिहिलं आहे?

इतर मतांसाठी फार शाई खर्चावी असं वाटत नाही. 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' म्हटल्यानं कुणाची बेरीज ५ची ७ झालेली नाही. 'अपंगत्व मनात असतं' हे वाक्य ज्याचं मनच आजारी आहे त्याच्यासमोर उच्चारूही नये. आणि घरचे सांभाळतात की, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या काकूचे हात पाहावेत.

मग 'किती'च्या जोडीला दिवस मोजले की भागेल का? ब्रिटननं तसं केलं. तिथल्या २०१३च्या अपंगत्व भत्त्याच्या नियमांत वर्षभरातल्या निम्म्याहून अधिक दिवसांची अट आहे. शिवाय एखादी कृती सुरक्षितपणे, पुरेशी नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता येते का, हेही पाहायचं असतं. आपल्यापेक्षा हे पाऊल पुढचं आहे. तरी नकारांविरुद्ध अपिलांची रांग तिथेही लागते. कारण वाईट दिवसांची संख्या हाही शेवटी 'किती'चाच भाऊ.

समजा एका माणसाचं दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस असतं. त्याचे हाल मोठे आहेत, मी ते कमी लेखत नाही. पण त्याच्या मालकाला सोमवार माहीत आहे, बायकोला माहीत आहे, त्याला स्वतःला माहीत आहे. उरलेल्या दिवसांवर तो शब्द देऊ शकतो. माझ्या भावाचे वर्षातले वाईट दिवस कदाचित त्याच्याहून कमी भरतील. पण ते कोणते, हे आदल्या रात्रीपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून उरलेले सगळे बरे दिवसही त्याच्या हातचे जातात. ज्या दिवसाचा शब्द देता येत नाही तो बाजारात विकता येत नाही. पंचांगात भरती-ओहोटी असते, म्हणून खाडीकाठचा माणूस तिच्याबरोबर जगतो. खांड पंचांगात नसते. त्याचा आजार अधूनमधून येतो, हे खरं. त्यातून येणारी असमर्थता मात्र अखंड आहे. बऱ्या दिवशीही ती त्याच्याबरोबर डबा घेऊन गाडीत बसते.

गेल्या आषाढात कारखानदार त्याला म्हणाला, "हात सोन्याचा आहे रे तुझा, पण भरवसा नाही." हे वाक्य क्रूर आहे, पण त्यात जे निदान आहे ते मापनपट्टीत नव्हतं. एक सावधगिरी मात्र हवी. 'भरवसा नाही' हा शब्द मनोरुग्णाला शिवीसारखा चिकटू शकतो, आणि मी तो तसा वापरत नाही. हा माणूस उधारी बुडवत नाही, कुणाचं काम मुद्दाम अडवत नाही. अनिश्चितता त्याच्या तारखांत आहे, त्याच्या नीयतीत नाही.

२०१६च्या कायद्याची व्याख्या नीट वाचली तर याला जागा आहे. दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे यांची गाठ पडून समाजातला सहभाग अडतो तेव्हा अपंगत्व ठरतं, असं ती म्हणते. ४० टक्क्यांची रेघ ठरावीक लाभांपुरती आहे. २०२१ साली विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही दोन मापं वेगळी असल्याचं सांगितलं. ऑक्टोबर २०२४मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या ओमकार गोंड खटल्यात, केवळ टक्क्यांच्या आकड्यावरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो ते पाहा, असंही बजावलं. आकड्यापलीकडे पाहायचं हे न्यायालयानं मान्य केलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की पलीकडे पाहताना 'काय करू शकतो' याच्याबरोबर 'कधी करू शकेल हे सांगता येतं का' हेही विचारा.

त्याच कायद्याच्या ५९व्या कलमानं अपिलाचा हक्क दिला आहे. पण अपील म्हणजे दुसऱ्या तारखेला, दुसऱ्या टेबलावर, तीच पट्टी पुन्हा लावणं असेल, तर तो दिवसही बराच निघणार. अपिलात मोजणी कमी आणि ऐकणं जास्त हवं. दोन वर्षांचे कागद एकत्र पाहा. घरच्यांना आणि काम देणाऱ्याला विचारा. आणि एक साधा प्रश्न ठेवा: पुढच्या महिन्यातल्या कोणत्याही एका दिवसाचा शब्द हा माणूस आज देऊ शकतो का?

आमचं अपील मी लिहिलं. कारखानदारानं हजेरीची वही आढेवेढे न घेता दिली. मी चौदा महिन्यांचे चौकोन एका कागदावर उतरवले, आलेल्या दिवशी टिंब, न आलेल्या दिवशी रिकामी जागा. काकू बरीच वर्षं अमावास्या धरून बसायची, म्हणून अमावास्या-पौर्णिमा मांडून पाहिल्या, जुळल्या नाहीत. पाऊस जुळला नाही, हंगाम जुळला नाही. भाऊ शेजारी बसून पाहत होता. एका लांब रिकाम्या पट्ट्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "याच्या आदल्या दिवशी मी अकरा मूर्ती आखल्या होत्या." तेही मी समासात लिहिलं. अर्जाच्या नमुन्यात असल्या कागदाला रकाना नव्हता, म्हणून तो वेगळा जोडला आणि त्याच्या डोक्यावर 'पुरावा' एवढाच शब्द घातला.