व्यासंग

पंचवटींत रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसलों असतां "हे मोठे व्यासंगी आहेत" अशी कोणाची तरी ओळख करून दिलेली आमच्या कानीं पडली. हा शब्द ऐकतांच आपली मान आदरानें लवते. परंतु हा आदर त्यास जन्मतः लाभलेला नाहीं. 'सञ्ज्' म्हणजे चिकटणें. त्या धातूपासून तो झाला. संग, प्रसंग, आसक्ति हे त्याचेच भाऊबंद. संस्कृतांत व्यासंग म्हणजे घट्ट जडलेली आसक्ति, मग ती ग्रंथांची असो वा विषयांची. मराठीनें तो शब्द विद्येपुरता राखला. उलट 'व्यसन' हा शब्द संस्कृतांत विद्येच्या नादासही चालत असे; त्यास मराठींत बहुधा वाईट नादच आला. ओढ एकच, एकीस पाट मिळाला, दुसरी उंबरठ्याबाहेर राहिली.

पण जुना अर्थ विसरूं नये. न्यायशास्त्रांत 'व्यासक्त' मन म्हणजे एकाच विषयांत असें गुंतलेलें कीं, जवळचें दुसरें त्यास कळत नाहीं. न्यायसूत्रांत अशा मनुष्याच्या पायाच्या व्यथेचा दृष्टांत आहे. मन कितीही रमलेलें असो, पायांत कांटा रुतला कीं तें तिकडे धांवतेंच.

आमचा प्रश्न येथूनच निघतो. कांटा दुसऱ्याच्या पायांत असेल तर?

२ मार्च १९३० रोजीं येथून हांकेच्या अंतरावर, काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला. दारें बंद करण्यांत आलीं. कांहीं वर्षें लढूनही तीं तेव्हां उघडलीं नाहींत. दाराच्या आंतल्या बाजूस शास्त्रांचा व्यासंग होता. बाहेरही कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांत तावून निघालेला व्यासंगच उभा होता. उणीव बुद्धीची नव्हती. आंतला व्यासंग पोथीस चिकटून राहिला. बाहेरचा पोथी मिटून उठला. तो कांटा बाहेरच्याच्या स्वतःच्या पायांतही होता, हें खरें. पण तो त्यानें आपल्या एकट्यापुरता काढून घेतला नाहीं.

एकाग्रतेवांचून विद्या नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. चिकटणें हा दोष नव्हे. वेळ येतां सुटतां न येणें, हा दोष होय. म्हणून यापुढें कोणी व्यासंगी म्हणून पुढें आला, तर त्यानें काय काय वाचलें एवढेंच आम्ही विचारणार नाहीं. कोणाच्या हांकेसरशी त्यानें पुस्तक मिटलें, हेंही विचारूं. आणि तोच प्रश्न आधीं स्वतःस.