खरवडण्याआधी

शिकागोच्या मिडवे कंपनीने 1980 मध्ये अमेरिकेत आणलेलं ‘पॅक-मॅन’ या व्हिडिओ खेळाचं एखादं यंत्र आज कुणाच्या हाती लागतं तेव्हा ते बहुधा गोदामातून किंवा तळघरातून आलेलं असतं. सर्किट दुरुस्त होतं, पडदा पुन्हा उजळतो, नाण्याची खाच चालू लागते. अडतं ते पडद्यासमोरच्या चित्रित काचेपाशी. तिच्या रंगाचे पोपडे सुटलेले असतात. मग ही काच आहे तशी ठेवायची, की सगळा रंग खरवडून त्याच कोऱ्या काचेवर नवं चित्र छापून घ्यायचं? हौशी दुरुस्तीवाले पुष्कळदा दुसरा मार्ग धरतात. मला तो बहुतेक वेळा चुकीचा वाटतो. तो धरणाऱ्यांचाही जीव त्या यंत्रावर असतो, म्हणून माझी कारणं जरा विस्ताराने सांगतो.

हे चित्र काचेच्या मागच्या अंगाला स्क्रीन प्रिंटिंगने छापलेलं असतं. खेळणाऱ्यांचे हात, घाम, सांडलेली पेयं यांतलं काही शाईपर्यंत पोहोचू नये म्हणून ही योजना. मागून छापायचं म्हणजे क्रम उलटतो. काळ्या बाह्यरेषा आणि अक्षरं आधी, मग एकेक रंग आणि शेवटी सगळ्याला पाठ देणारा अपारदर्शक थर. आपल्याकडे साताऱ्याच्या परिसरात जी जुनी काचचित्रं घडली, पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जी पाहता येतात, त्यांचीही रीत हीच. कपाळावरचं कुंकू आणि नथीतले मोती आधी रंगवायचे, चेहरा त्यानंतर. एकदा चेहऱ्याचा रंग चढला की कुंकू दुरुस्त करता येत नाही. यंत्राच्या काचेवर शाई एकसारखी बसवायला जाळी होती, काचचित्रात माणसाचा हात होता, एवढाच फरक.

हा क्रम कळला की खरवडताना काय घडतं तेही कळतं. ब्लेडखाली आधी शेवटचा थर निघतो, मग रंग, आणि चित्रकाराची रेष सर्वांत शेवटी. पाणी मारून, ब्लेड आडवं धरून हे काम तासाभरात होतं. चिवट शाईला अॅसिटोन लागतं. काचेला त्याने काही होत नाही, पण काचेऐवजी अॅक्रिलिक असेल तर तीच बाटली त्यावर बारीक तड्यांचं जाळं उठवते. जुन्या शाईत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं खरवडून धूळ उडवू नये. सांगायचा मुद्दा असा की काम अवघड नाही. तासाभरात होणाऱ्या आणि कधीही मागे न फिरणाऱ्या कामाआधी माणूस पुरेसा थांबत नाही, ही माझी तक्रार आहे.

रंग सुटतो तो कुणाच्या हलगर्जीपणामुळेच असं नाही. काच आणि शाई उष्णतेने सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. पिनबॉल यंत्रांच्या मागच्या उभ्या काचेवर हे फार दिसतं, कारण तिच्यापाठी छोटे दिवे तासन्‌तास जळत. 44 क्रमांकाचा दिवा पाव अँपिअर वीज घेई. त्याजागी 0.15 अँपिअरचा 47 क्रमांकाचा दिवा लावला तरी उष्णता बरीच घटते, आणि आता तर एलईडी आहेत. ज्यांनी वेळेवर दिवे बदलले त्यांच्या काचा अजून शाबूत आहेत.

खरवडणाऱ्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद मला पटतो. कडक केलेली काच, म्हणजे टफन्ड ग्लास, नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. त्यामुळे जुन्या मापाची अखंड काच मिळणं दुर्मीळ, आणि जिच्यावरचा रंग जवळजवळ गेलाच आहे अशी काच नव्या छपाईसाठी वापरणं शहाणपणाचं. दुसरा युक्तिवाद मात्र मला अजिबात मान्य नाही. तो असा की हे कारखान्यातलं छापील काम होतं, हजारो प्रती निघाल्या, त्यातली एक गेली तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. नवी प्रत काढायला कुठली तरी जुनी प्रत समोर लागते. जुनी काच उजेडाने फिकी झालेली असते आणि तांबडा रंग बहुधा लवकर उतरतो. त्या फिक्या रंगावरून कुणी नवी प्रत काढतो, तिच्यावरून दुसरा कुणी तिसरी, आणि काही वर्षांनी लोक चुकीचाच रंग खरा मानू लागतात. मूळ रंग टिकण्याची जास्त शक्यता काचेच्या कडेला असते, जिथे लाकडी पट्टीने उजेड अडवला होता. जिच्यावर बोटभर रुंद खरा रंग उरला आहे अशी काच पूर्ण खरवडली तर त्या रंगाचा एक साक्षीदार गेला.

शिवाय काच म्हणजे निव्वळ सजावट नव्हती. तैतो कंपनीच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा 1978 मधला पडदा कृष्णधवल होता. खेळातल्या आकृत्यांना रंग मिळे तो पडद्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे, आणि अमेरिकेतल्या उभ्या यंत्रात चंद्राचं चित्र आरशाच्या युक्तीने खेळामागे दिसे. ती सामग्री काढली तर उरतो तो वेगळाच खेळ.

सगळं खरवडणं वाईट, असंही मी म्हणत नाही. व्हिडिओ खेळांच्या धंद्यातल्या 1983 च्या मंदीनंतर यंत्रमालकांनी जुन्या पेट्यांत नवे खेळ बसवले, बाजूच्या चित्रांवर काळा रंग फासला. तो काळा रंग जपून काढला की खालून मूळ चित्र वर येतं. काहींना तो थरही इतिहासच वाटतो. मला तो काढल्याचं वाईट वाटत नाही, कारण त्याने झाकलेली गोष्ट त्याच्यापेक्षा मोलाची आहे. वास्तुजतनाच्या 1964 च्या व्हेनिस सनदेत म्हटलं आहे की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा. ती सनद वास्तूंसाठी असली तरी खेळाच्या काचेलाही हा नियम लावावा असं मला मनापासून वाटतं.

म्हणून ज्यांच्याकडे अशी काच असेल त्यांना विनंती. आधी समोरच्या बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून स्कॅन करा. काचेच्या जाडीपलीकडचं स्पष्ट टिपायला सीसीडी स्कॅनर लागतो, पातळ सीआयएस स्कॅनर इथे कमी पडतो. लाकडी पट्टीखालच्या कडेचा रंग वेगळा नोंदवा. सुटलेले पोपडे पाकिटात ठेवा, त्यांत थरांचा क्रम दिसतो. आणि ऐपत असेल तर नवी छापील काच समोर बसवा, जुनी कागदात गुंडाळून त्याच पेटीच्या आत ठेवा आणि यंत्र विकाल तेव्हा तिच्यासकट विका.