शिवलकर बाकावर बसले नव्हते

रेआल माद्रिदनं ब्राझीलचा फुटबॉलपटू एंद्रिकशी २०२२च्या डिसेंबरात करार केला, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. अठरा पूर्ण होण्याआधी अल्पवयीन खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही, काही मोजके अपवाद सोडले तर. म्हणून तो २०२४च्या जुलैपर्यंत पाल्मेरास या ब्राझीलच्या क्लबकडेच राहिला. दरम्यान त्यानं वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध विजयी गोल केला. माद्रिदला आल्यावर लीगमधल्या पहिल्याच सामन्यात, व्हायादोलिदविरुद्ध, अखेरच्या क्षणी त्याचा गोल झाला. त्यानंतर मात्र तो बहुतेक वेळ बाकावरच दिसला. सामना निकाली निघाल्यावर दहाबारा मिनिटांसाठी उतरायचं, पुढच्या रविवारी पुन्हा अंगात जॅकेट. पुढे दुखापत झाली, प्रशिक्षक बदलले, पण बाक तोच राहिला. शेवटी २०२६च्या सुरुवातीला त्याला फ्रान्सच्या लिओं क्लबला लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं, दिलं, आणि महिन्याभरात त्यानं मेसविरुद्ध हॅटट्रिक केली.

या मुलाचं नाव घेऊन आपल्याकडच्या एका ज्येष्ठ क्रीडासमीक्षकांनी जाहीर व्याख्यानात जे मांडलं, ते मला सोडून देता येत नाही. त्यांचं म्हणणं असं की आजच्या तरुण खेळाडूंना धीर नाही. मोठ्या संघात नुसतं बसणं हेही शिक्षणच असतं, थोर खेळाडूंना रोज जवळून पाहायला मिळतं. आणि याला साक्षीदार म्हणून त्यांनी उभे केले मुंबईचे क्रिकेटपटू पद्माकर शिवलकर.

समीक्षकांचं नाव मी घेत नाही, कारण भांडण त्यांच्याशी नसून त्यांच्या विधानाशी आहे. पण शिवलकरांचं नाव असं वापरलं जाऊ नये, म्हणून हा लेख.

शिवलकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. बिशनसिंग बेदींच्या काळात डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून जन्माला येणं एवढंच त्यांचं दुर्दैव. पण त्यांची कारकीर्द काढून पाहा. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. हा माणूस संधीची वाट पाहत होता हे खरं, पण बसून नव्हे. मुंबईचा कर्णधार अडचणीत आला की चेंडू त्यांच्या हाती जात होता. ते चुकले तर मुंबई हरू शकत होती. भारतीय संघाचं दार बंद होतं, पण क्रिकेटचं दार एक दिवसही बंद नव्हतं. त्यांच्या धीराचं कौतुक करताना तो धीर कशावर उभा होता हे विसरून चालणार नाही.

क्रिकेटची रचनाच तशी आहे. भारतीय संघातल्या राखीव फलंदाजाला मोकळं केलं की तो आपल्या राज्याकडून रणजी खेळायला जातो. फुटबॉलमध्ये क्लब म्हणजेच खेळाडूचं घर आणि नोकरी, आणि त्याच्या नोंदणीची मालकीही क्लबकडेच. फिफाच्या नियमानुसार एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, आणि अधिकृत सामने त्यांतल्या दोघांकडूनच खेळता येतात. क्लबनं खेळवलं नाही आणि सोडलंही नाही, तर त्या मुलाला त्या वर्षी मैदान उरत नाही. क्रिकेटमधला धीर फुटबॉलमध्ये तसाच्या तसा नेता येत नाही, कारण तिथं वाट पाहायला दुसरी जागा नाही.

आता ज्याची कहाणी पूर्ण होऊन आपल्या डोळ्यांसमोर आहे, त्या मुलाकडे वळतो.

नॉर्वेतल्या ड्रामेन गावचा मार्टिन ओडेगार्ड. पंधराव्या वर्षी स्ट्रॉम्सगॉडसेटकडून लीग खेळला, त्याच वर्षी नॉर्वेच्या राष्ट्रीय संघातही आला. युरोपातले बहुतेक मोठे क्लब त्याच्या मागे होते. नॉर्वे युरोपीय आर्थिक क्षेत्रात असल्यामुळे त्याला सोळाव्या वर्षी देश सोडता आला, आणि २०१५च्या जानेवारीत त्यानं रेआल माद्रिद निवडलं. मे महिन्यात हेताफेविरुद्ध तो क्रिस्तियानो रोनाल्डोच्या जागी मैदानात उतरला आणि रेआलच्या इतिहासातला सर्वांत लहान खेळाडू ठरला. त्या संध्याकाळची छायाचित्रं जगभर गेली.

त्यानंतर दीडेक वर्ष काय झालं, याची छायाचित्रं नाहीत. आठवडाभर तो मुख्य संघाबरोबर सराव करी, आणि शनिवार-रविवारी खेळे तिसऱ्या श्रेणीतल्या कास्तिया या दुय्यम संघाकडून. पुढे त्यानं स्वतःच सांगितलं आहे की हीच त्याची सर्वांत मोठी अडचण होती. ज्यांच्याबरोबर सराव त्यांच्याबरोबर सामना नाही, ज्यांच्याबरोबर सामना त्यांच्याबरोबर सराव नाही. तो दोन्ही संघांत होता आणि एकाचाही नव्हता. थोरांना रोज जवळून पाहण्याची जी संधी समीक्षकांना हवी आहे ती त्याला भरपूर मिळाली. मोड्रिच, क्रूस, रोनाल्डो, सगळे दहा हातांवर होते. आणि याच काळात युरोपातल्या वर्तमानपत्रांनी त्याला फुकट गेलेली गुणवत्ता ठरवून टाकलं.

२०१७च्या जानेवारीत तो लोनवर हॉलंडमधल्या हेरेनवेनला गेला, मग व्हितेसला, मग स्पेनमध्येच रेआल सोसिएदादला. सोसिएदादकडून खेळताना २०२०च्या फेब्रुवारीत कोपा देल रे या स्पेनच्या चषक स्पर्धेच्या सामन्यात तो रेआलच्या बेर्नाबेउ मैदानावर परत आला, आपल्याच मालक-क्लबविरुद्ध पहिला गोल त्यानं केला आणि सोसिएदाद ४-३ जिंकला. रेआलनं त्याला ठरलेल्या मुदतीआधीच परत बोलावलं. त्या शरद ऋतूत लीगमध्ये त्याच्या वाट्याला सात सामने आले. जानेवारीत तो आर्सेनलला लोनवर गेला, उन्हाळ्यात कायमचा, आणि २०२२मध्ये त्या क्लबचा कर्णधार झाला.

यावर समीक्षकांचं उत्तर मला ठाऊक आहे. शेवटी झालाच ना मोठा? डी ब्रुयना २०१३-१४च्या हंगामात चेल्सीकडून लीगचे तीनच सामने खेळला आणि विकला गेला, तोही मोठा झाला. सलाहला चेल्सीनं बसवलं, तो लिव्हरपूलला जाऊन एका हंगामात लीगचे ३२ गोल करून बसला. पण ही यादी वाचलेल्यांची आहे. २०१८-१९मध्ये एकट्या चेल्सीचे ४०हून अधिक खेळाडू लोनवर इतरत्र होते. त्यांतल्या किती जणांची नावं वाचकांना आठवतात? जे हरवले त्यांचं चरित्र कुणी लिहीत नाही, म्हणून धीराच्या बाजूचा पुरावा नेहमी भक्कम दिसतो.

तरीही त्यांच्या म्हणण्यातला एक भाग असा आहे की तो झटकून टाकता येत नाही. पाहून शिकणं ही खोटी गोष्ट नाही. जगातली बहुतेक कौशल्यं माणूस कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकला आहे. या प्रश्नावर मला सर्वांत जास्त प्रकाश एका छोट्या पुस्तकात मिळाला. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांचं ते पुस्तक १९९१चं, फुटबॉलचा त्यात उल्लेखही नाही. उमेदवारीत माणूस कसा शिकतो हा त्याचा विषय. शिकणं म्हणजे डोक्यात माहिती भरणं नव्हे, तर एका कामकरी समूहात काठावरून हळूहळू आत येणं, आणि काठावरचं ते स्थान खरं, मान्य असलेलं हवं, हा त्यांचा सिद्धांत.

लेव्ह यांनी लायबेरियातल्या व्हाय आणि गोला जमातींच्या शिंप्यांचा अभ्यास केला होता. तिथला उमेदवार पोरगा सुरुवात कापड बेतण्यापासून करत नाही. तो शेवटाकडून सुरू करतो, काजं, गुंड्या, दुमड. कपड्यांचाही क्रम असतो: आधी टोप्या आणि आतले कपडे, मुलांचे कपडे, मग मोठ्यांचे, आणि सर्वांत शेवटी भारी सूट. तो चुकला तर फार कापड वाया जात नाही. पण त्यानं शिवलेली टोपी कुणीतरी खरोखर डोक्यावर घालतं. ती सरावासाठी शिवून उसवून टाकायची वस्तू नसते. पहिल्या दिवसापासून त्याच्या हातचं काम दुकानाचं काम असतं, आणि पूर्ण कपडा कसा होतो हे त्याच्या नजरेसमोर सतत घडत असतं.

त्याच पुस्तकात दुसरं उदाहरण आहे ते अमेरिकेतल्या खाटकांचं, हॅना मीरा मार्शल यांच्या अभ्यासावर आधारलेलं. सुपरमार्केटच्या मांस विभागातल्या उमेदवारांना यंत्रावर पाकिटं बांधायला बसवलं जाई. ते काम त्यांना पटकन जमे, त्यात दुकानाचा फायदा असे, म्हणून त्यांना तिथून हलवायची कुणाला घाई नसे. मांस कापणारे कसबी कामगार दुसरीकडे. पाकीट बांधणाऱ्याला कापणी दिसतही नसे. तोही उमेदवारच होता, काठावरच होता, पण त्या काठावरून आत जाणारी वाट नव्हती.

हे वाचल्यावर माझा स्वतःचा मुद्दा मला बदलावा लागतो. लेखाच्या सुरुवातीला मी मिनिटं मोजत होतो. मिनिटं हे फार ओबडधोबड माप आहे. २०२० साली पाच बदली खेळाडूंची मुभा आली, २०२२पासून ती कायमची झाली, त्यामुळे तरुणांच्या नावावर मिनिटं वाढली. पण ३-० आघाडीवर असताना ८२व्या मिनिटाला उतरणं म्हणजे पाकिटं बांधणं. चुकलं तरी काही बिघडत नाही, जमलं तरी काही घडत नाही. उलट कोपा देल रेच्या पहिल्या फेरीत खालच्या श्रेणीतल्या संघाविरुद्ध पूर्ण ९० मिनिटं खेळायला मिळणं ही टोपी शिवणं आहे. तिथं संघ हरू शकतो, आणि हरला तर त्या मुलाच्या नावावर हरतो. ओडेगार्डला हॉलंडमध्ये आणि नंतर सोसिएदादमध्ये जे मिळालं ते हे होतं. त्याच्या पायात चेंडू येईल असं धरून बाकीचे दहा जण धावत होते. कास्तियात आणि माद्रिदच्या सराव मैदानावर कुणीच तसं धावत नव्हतं.

म्हणजे बाक सर्वत्र सारखाच वाईट नाही. पुढच्या महिन्यात तुला अमुक स्पर्धा खेळवणार, अमुक खेळाडूच्या हालचाली पाहा, त्या जागी तू उभा राहणार आहेस, असं ज्याला सांगितलं आहे तो मुलगा बाकावरूनही शिकतो. त्याच्या पाहण्याला काम आहे. ज्याला काहीच सांगितलेलं नाही त्याचं पाहणं हळूहळू बंद होतं.

मग दोष प्रशिक्षकाचा का? रेआलच्या झिदानकडे २०२०च्या शरद ऋतूत मोड्रिच, क्रूस आणि कासेमिरो होते. काही महिन्यांपूर्वी त्याच संघानं लीग जिंकली होती. तीन सामने सलग हरले की ज्याची नोकरी जाते, त्या माणसानं शाळा चालवावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. माझी तक्रार खरेदी करणाऱ्यांविरुद्ध आहे. खेळाडूची रक्कम क्लबच्या हिशेबात कराराच्या वर्षांवर वाटली जाते. सोळा-अठरा वर्षांचा मुलगा घेतला तर तो प्रतिस्पर्ध्याला मिळत नाही, आणि पुढे विकला तर नफाही होऊ शकतो. त्याला खेळवायची योजना नसली तरी व्यवहार फायद्याचा ठरू शकतो. मुलाचं मात्र अठरावं वर्ष एकदाच येतं.

यावर कायदा काय म्हणतो ते पाहिलं की राग येतो. फिफाच्या बदली-नियमांतलं १५वं कलम सांगतं की हंगामात क्लबच्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळवलेला व्यावसायिक खेळाडू क्रीडाविषयक न्याय्य कारणावरून करार मोडू शकतो, हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर १५ दिवसांत. उत्तम नियम. पण तो फक्त प्रस्थापित खेळाडूला लागू आहे, म्हणजे ज्याचं प्रशिक्षण पूर्ण झालं आहे त्याला. ज्याला या संरक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर. २०२२पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आली, आधी आठ, मग सात, मग सहा खेळाडू. खेळाडूंची साठेबाजी थांबवणं हा हेतू योग्य होता. २१ वर्षांपर्यंतच्या, क्लबनं स्वतः घडवलेल्या मुलांना त्यातून सूट आहे. बाहेरून विकत आणलेल्या मुलाला ती लगेच मिळत नाही. सहांचा कोटा भरला की सातव्याला परदेशी क्लबकडे लोनवर जाता येत नाही.

माझी सूचना साधी आहे. २१ वर्षांखालच्या कुठल्याही खेळाडूला हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात क्लबच्या एक चतुर्थांश सामन्यांतही सुरुवातीपासून खेळवलं नाही, तर जानेवारीत लोनवर जाण्याचा हक्क त्याचा असावा. क्लबनं नाही म्हणू नये, त्यासाठी पैसे मागू नयेत, आणि तो मर्यादेत धरला जाऊ नये. मालकी क्लबचीच राहील, वर्ष मात्र मुलाचं होईल.

हे सगळं माद्रिद-लंडनचं, आपल्याला काय, असं म्हणणाऱ्यांना एका संघाची आठवण देतो. तरुण मुलांना वरच्या पातळीवर खेळायला मिळावं एवढ्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१०मध्ये एक संघ काढला, तोच पुढे इंडियन अ‍ॅरोज म्हणून ओळखला गेला. २०१३मध्ये तो बंद केला. सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाल्यावर २०१७मध्ये तो पुन्हा सुरू झाला. गोव्यात बांबोळीच्या मैदानावर त्यांनी पुनरागमनानंतरचा आय-लीगमधला पहिला सामना चेन्नई सिटीविरुद्ध ३-० जिंकला, आणि त्यांतले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे होते. त्या हंगामात हा संघ गुणतक्त्यात तळाशी राहिला, आणि राहिला तरी चालेल असं ठरवूनच तो उतरवला होता. आपल्या मुलांसाठी खऱ्या टोप्या शिवायचं दुकान होतं ते. २०२२मध्ये महासंघानं ते दुसऱ्यांदा बंद केलं. तो संघ पुन्हा सुरू करावा, ही माझी महासंघाकडे मागणी आहे.

आणि कोल्हापूरच्या पेठांमधल्या, मडगाव-म्हापशातल्या आईवडिलांना एक विनंती. तुमच्या मुलासमोर मोठ्या क्लबचा करार येईल तेव्हा रक्कम विचारण्याआधी हे विचारा: पहिल्या हंगामात तो कोणत्या स्पर्धेत सुरुवातीपासून खेळणार, आणि खेळवलं नाही तर जानेवारीत त्याला कुठे पाठवणार? उत्तर लेखी घ्या. ते मिळालं नाही तर सही करू नका.