चौकशीतला पहिला कागद

मार्च 1984. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही 18 वर्षांची मुलगी तापाने फणफणत रात्री दाखल झाली आणि सकाळपर्यंत दगावली. नैराश्यावरचं जे औषध ती घेत होती, त्याच्यासोबत चालत नाही असं इंजेक्शन तिला दिलं गेलं होतं. तिला पाहणाऱ्या शिकाऊ डॉक्टरकडे त्या रात्री जवळपास 40 रुग्ण होते. डॉक्टरांवर खुनाचा खटला भरा, असा तिच्या पत्रकार वडिलांचा आग्रह होता. आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या ज्यूरीने तो मानला नाही. ज्यूरीने ताशेरे ओढले ते थकलेल्या, देखरेख नसलेल्या नवख्यांच्या हाती रुग्ण सोपवणाऱ्या व्यवस्थेवर. त्यातूनच 1989 मध्ये न्यूयॉर्कमध्ये निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला 80 तासांची आणि सलग 24 तासांची मर्यादा आली.

थकव्याचा हिशेब पुढे मोजूनही झाला. बोस्टनच्या अतिदक्षता विभागांतल्या 2004 च्या अभ्यासात, लांबलचक ड्युट्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून, छोट्या पाळ्यांच्या वेळापत्रकाच्या तुलनेत, गंभीर चुका 36 टक्के जास्त झाल्या. दोन्ही वेळापत्रकांतले डॉक्टर सारखेच शिकलेले होते. फरक होता तो वेळापत्रकाचा.

आपल्याकडे केंद्र सरकारने 1992 मध्येच सांगून ठेवलं आहे : निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे 12 तासांपलीकडे नको, आठवडा 48 तासांचा असावा. तरीही ‘मार्ड’ या महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेतल्या कोणालाही विचारा. 36 तासांची ड्युटी हे त्यांच्या लेखी नवल नाही. नुसते तास कापूनही भागत नाही. पाळ्या वाढल्या की हँडओव्हर, म्हणजे रुग्ण पुढच्या डॉक्टरकडे सोपवण्याचे प्रसंग, वाढतात आणि सांगायचं राहून गेलेलं एखादं वाक्य रुग्णाला भोवतं. त्यामुळे तास कमी करायचे, तर माणसं वाढवावीच लागतात. खर्चाची ही बाजू आली की सगळे गप्प होतात आणि डॉक्टरांना त्यागाचे धडे दिले जातात.

आणि काही विपरीत घडलं की रोखही डॉक्टरांवरच वळतो. 2023 च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यानंतर एका खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. लोकांचा संताप खराच होता, पण असा तमाशा झाल्याने एकही रिक्त पद भरलं जात नाही.

निष्काळजी डॉक्टर असतात आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण कोणता डॉक्टर निष्काळजी होता आणि कोणाला निष्काळजी होण्यावाचून गत्यंतरच ठेवलं नव्हतं, हे ठरवल्याशिवाय शिक्षा न्याय्य कशी होईल? एका माणसाला तीस तास उभं ठेवून त्याच्या हाती सुई देणारा त्या सुईच्या चुकीतून मोकळा सुटू नये. म्हणून रुग्ण दगावल्यावर नेमलेल्या प्रत्येक चौकशी समितीने सर्वांत आधी त्या आठवड्याचा ड्युटीचा तक्ता मागवावा, सोबत रिक्त पदांची यादीही घ्यावी आणि त्या दोन्हींखाली सही कोणाची आहे, ते जाहीर करावं.